याकोब वीबे : कॅन्ससच्या माळावर गाव वसवणारा मेनोनाइट शेतकरी

माळकरी

गव्हाच्या इतिहासात ‘टर्की रेड’ या वाणाचा उल्लेख हमखास येतो आणि सोबत एक ठरलेली ओळ असते : हे वाण रशियातून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी कॅन्ससला नेलं. त्या शेतकऱ्यांपैकी एकाबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. याकोब वीबे (१८३६–१९२१). आठवडाभर शेतात राबायचं आणि रविवारी मंडळीपुढे उभं राहून उपदेश करायचा, असा माणूस. त्यांच्यात पाळकाला पगार नसे. मंडळीने निवडलं की ते काम अंगावर घ्यायचं आणि पोट शेतीवरच भरायचं.

आधी थोडं मागचं सांगतो. मेनो सिमन्स हा नेदरलँड्समधला कॅथलिक पाद्री. १५३६ मध्ये त्याने ते पद सोडलं. बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यायचा, शस्त्र हाती धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, ही त्याच्या अनुयायांची, म्हणजे मेनोनाइटांची, शिकवण. कुठल्याच राजाला हे परवडणारं नव्हतं. छळ सुरू झाला तसे यातले पुष्कळ लोक विस्तुला नदीच्या मुखाकडच्या दलदलीत जाऊन राहिले. पाणी काढून जमीन लागवडीखाली आणण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढे प्रशियात त्यांच्या जमीन घेण्यावर बंधनं आली. रशियाची राणी कॅथरीन वसाहतकऱ्यांना बोलावतच होती, म्हणून १७८९ पासून हे लोक आजच्या दक्षिण युक्रेनमध्ये वसू लागले. मोलोच्ना ही त्यांची मोठी वसाहत १८०४ ची. घरटी ६५ देसियातिन, म्हणजे साधारण पावणेदोनशे एकर जमीन मिळे. लष्करी सेवेतून सूट होती, आणि १८०० मध्ये झार पॉलने ती लेखी दिली होती.

वीबे मोलोच्नाचेच. तरुणपणी ते क्रिमियात आनेनफेल्ड या गावी गेले. तिथे ‘क्लाइने गेमाइंडे’ या छोट्या, कडक शिस्तीच्या मंडळीचे ते वडील (एल्डर) झाले. पण मन रमेना. १८६९ मध्ये त्यांनी आणि काही सोबत्यांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला आणि वेगळी मंडळी उभी केली. तीच पुढे क्रिमर मेनोनाइट ब्रदरन म्हणून ओळखली गेली.

तेवढ्यात रशियन सरकारने सगळ्यांनाच सक्तीची लष्करभरती लागू करायचं ठरवलं. तसा कायदा १८७४ मध्ये झालाच. १८७३ मध्ये मेनोनाइटांचे बारा प्रतिनिधी उत्तर अमेरिका पाहून आले आणि मग गावंच्या गावं हलली. पुढच्या दहाएक वर्षांत सुमारे १८,००० माणसं निघाली. रशियातल्या मेनोनाइटांपैकी जवळपास तिसरा हिस्सा! साधारण दहा हजार अमेरिकेत गेले, बाकीचे कॅनडात मानिटोबाला.

वीबे आपल्या मंडळीला घेऊन १८७४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत उतरले. इंडियानातल्या एल्कहार्टला बाकीच्यांना थांबवून ते जमीन बघायला पुढे गेले. सांता फे रेल्वे कंपनीकडे लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी विकायला होत्या. मॅरियन काउंटीत बारा सेक्शन ठरले. एक सेक्शन म्हणजे ६४० एकर. ऑगस्टमध्ये सामानाची गाडी, त्यावर बायकापोरं, असे ते उंच गवतातून निघाले आणि एका खुंटीपाशी थांबले. ही आठवण त्यांनीच नंतर सांगितली आहे : बायकोने विचारलं, इथे का थांबलात? ते म्हणाले, आपल्याला इथेच राहायचंय. ती रडायला लागली.

ना झाड, ना घर, ना विहीर. त्यातच त्या उन्हाळ्यात कॅन्ससवर टोळधाड येऊन गेलेली, आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा मका फस्त झालेला. क्रिमियातली बसलेली घडी मोडून आपल्या शब्दावर आलेल्या माणसांना हे दाखवायचं, याचं ओझं त्या माणसाने कसं पेललं असेल, याचा मी फार विचार करतो.

गावाचं नाव ठेवलं ग्नाडेनाउ. रशियात होती तशीच रचना केली. मधून एक रस्ता, दुतर्फा घरं, मागे जमिनीचे पट्टे. चांगली, मध्यम, पाणथळ अशी प्रत्येक प्रकारच्या जमिनीतली पट्टी प्रत्येकाच्या वाट्याला. पहिली घरं मातीच्या ढेपांची आणि गवताच्या छपरांची. लाकूड नव्हतं म्हणून घराच्या मध्यभागी विटांची मोठी भट्टी. तीत माळावरचं वाळलं गवत आणि काड जाळायचं. एकदा तापली की भिंती तासन् तास ऊब देत आणि त्यातच भाकरीही भाजून होई.

मला यातलं जे सगळ्यात मोठं वाटतं ते लिहितो. अमेरिकन कायद्याप्रमाणे सातबारा ज्याच्या त्याच्या नावावर होता आणि सेक्शन चौकोनी होते. गावाने वाटलेले पट्टे त्या चौकोनांशी जुळत नव्हते. म्हणजे कागदावर माझी असलेली जमीन तू कसायचीस आणि तुझी मी, हे सगळं निव्वळ शब्दावर. हा विश्वास टिकवायचं काम वडिलांचं, म्हणजे वीबेंचं. रविवारचा उपदेश त्यामानाने सोपा असेल.

---

अबोली_पुणे

फार आवडलं. एक विचारू का? मेनोनाइट म्हणजेच आमिश का? ते घोड्याच्या बग्गीतून फिरणारे?

माळकरी

अबोलीताई, मूळ एकच, फांद्या वेगळ्या. आमिश १६९३ मध्ये स्वित्झर्लंड-अल्सासकडच्या मंडळ्यांतून याकोब आमान याच्या मागे वेगळे झाले. वीबेंचे लोक डच-प्रशियन शाखेतले. घरात प्लाउटडीच ही खालची जर्मन बोली, चर्चमध्ये प्रमाण जर्मन. साधेपणा त्यांच्यातही कडक होता, कपड्यांत नटणंमुरडणं नाही. पण अवजारांना विरोध नव्हता. मळणीयंत्र आलं तसं त्यांनी ते घेतलं.

---

विचिटाकर

माळकरी, धाग्याबद्दल आभार. हिल्सबरो माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. ग्नाडेनाउ त्याच्या दक्षिणेला होतं. आता तिथे गाव म्हणून काही उरलेलं नाही, पण हिल्सबरोत त्या काळचं मातीच्या विटांचं एक घर जपून ठेवलंय. १८७६ चं आहे. राहतं घर आणि गोठा एकाच छपराखाली. मधलं दार उघडलं की थेट गुरांपाशी. हिवाळ्यात बर्फातून बाहेर पडायला नको.

मळणीच्या दगडाबद्दल लिहायलाच हवं. चुनखडीचा एक गोल ओंडका, अडीच फुटांच्या आसपास लांब, त्याला लांबीभर सात दात कोरलेले. वरून बघितलं तर दातेरी चाकच. लाकडी चौकटीत बसवून घोड्याने खळ्यावरून फिरवायचा, दात पेंढ्यांवर आपटत जातात आणि दाणे सुटतात. मी हात फिरवून पाहिला. दातांच्या कडा अजून बऱ्यापैकी धारदार आहेत, फारसा झिजलेलाच नाही. कारणही तिथल्या गृहस्थांनी सांगितलं : दगड घडवून घेतले आणि थोड्याच वर्षांत मळणीयंत्रं आली. मग हे दगड कुणी अंगणात ठेवले, कुणी फाटकाशी. नॉर्थ न्यूटनच्या बेथेल कॉलेजच्या खेळाडूंना आजही ‘थ्रेशर्स’ म्हणतात ते यावरूनच.

आणि गेसेल गाव जरूर बघा कुणी आलात तर. मोलोच्नाच्या अलेक्झांडरवोल गावची जवळपास अख्खी मंडळी याकोब बुलर या वडिलांबरोबर १८७४ मध्येच दोन जहाजांतून आली. ती तिकडे वसली. त्यांचं चर्च आजही भरतं.

---

काळी_माती

लेख चांगला आहे, पण दोन गोष्टी सुटल्या आहेत आणि त्या सुटायला नकोत.

पहिली. ‘ना झाड, ना घर’ असलेला तो माळ रिकामा नव्हता, रिकामा करवला होता. कॉ (कान्झा) या मूळ अमेरिकन लोकांची शेवटची राखीव जमीन कौन्सिल ग्रोव्हपाशी होती, म्हणजे शेजारच्याच काउंटीत. १८७३ मध्ये त्यांना तिथून उठवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. ज्यांच्या नावावरून कॅन्सस हे नाव पडलं ते लोक गेले आणि पुढच्याच वर्षी वीबेंची गाडी आली. रेल्वेला जमीन मिळाली ती १८६३ च्या कायद्याने, फुकट. क्रिमियातही असंच : क्रिमियन युद्धानंतर १८६०-६१ मध्ये तातार मोठ्या संख्येने देश सोडून गेले आणि त्यांच्या सोडलेल्या जमिनींवर नवे वसाहतकरी आले.

दुसरी. सगळे विवेकासाठी गेले, हे अर्धसत्य आहे. १८६० च्या दशकात मोलोच्नात निम्म्याहून जास्त कुटुंबं भूमिहीन होती. मूळ शेत तोडून वाटता येत नसे, आणि गावकीत मत फक्त शेतमालकाला. मेनोनाइट जमीनदार आणि मेनोनाइट भूमिहीन यांच्यात चांगलीच जुंपली होती. अमेरिकेचं आकर्षण अशा घरांना वेगळंच असणार.

माळकरी

काळी_माती, दोन्ही मुद्दे मान्य. कॉ लोकांचं तर लिहायलाच हवं. ज्यांनी शस्त्र धरायचं नाही म्हणून देश सोडला ते दुसऱ्या कुणाच्या तरी शस्त्राने मोकळ्या झालेल्या जमिनीवर आले, ही गोष्ट कितीही सभ्य माणूस असला तरी पुसली जात नाही. अलीकडे मेनोनाइट मंडळ्यांमध्येही यावर उघड बोललं जातं.

भूमिहीनांबद्दल एवढंच म्हणेन की दोन्ही कारणं एकाच घरात असू शकतात. जे मागे राहिले त्यांना सरकारने नंतर बंदुकीऐवजी वनखात्यात सेवा देण्याची सवलत दिली, आणि दोन तृतीयांश लोक त्यावर राजी झाले. वीबेंसारख्यांना तेही नको होतं.

---

लोंबी

बियाण्यावर काम करते म्हणून भर घालते.

टर्की रेड हा कडक दाण्याचा हिवाळी गहू. पेरणी शरद ऋतूत, थंडीत बर्फाखाली पडून राहायचा, वसंतात वाढायचा आणि जून-जुलैत काढणीला यायचा. कॅन्ससमधला कडक उन्हाळा आणि टोळ या दोन्हींच्या आधी पीक घरात. क्रिमियातल्या शेतकऱ्यांना ही लागवड सवयीची होती, त्यामुळे त्यांची घडी लवकर बसली.

कॅन्ससमध्ये एक गोष्ट आवडीने सांगितली जाते : वीबेंच्याच गटातल्या आठ वर्षांच्या एका मुलीने निघताना टपोरे, तांबडे दाणे एकेक करून निवडले आणि तेच बियाणं झालं. गोष्ट गोड आहे, पण मूठपसाभर बियाण्यावर राज्यभर पीक पसरत नाही. त्याला बर्नहार्ड वॉरकेंटीनसारखा माणूस लागला. हा मोलोच्नाचाच, १८७२ मध्ये अमेरिकेत आलेला. हॅलस्टेडला त्याने गिरणी घातली. तिथल्या जुन्या जात्यांना मऊ गव्हाची सवय, हा कडक दाणा दळायला गिरणीवाले कां-कूं करत. लोखंडी रुळांच्या गिरण्या आल्या तेव्हा याच गव्हाचं पीठ पावाला उत्तम ठरलं. वॉरकेंटीनने पुढे क्रिमियातून मोठ्या प्रमाणात बियाणं मागवलं आणि मग तो सगळीकडे गेला.

आता आपल्या शेताशी नातं. जपानमध्ये ‘दारुमा’ या बुटक्या गव्हाचा संकर अमेरिकन ‘फुल्ट्झ’शी झाला आणि त्यातून निघालेल्या वाणाचा टर्की रेडशी. त्यातून ‘नोरिन १०’ आला, १९३५ मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत गेला, तिथले गहू-संशोधक ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचा ‘ब्रेव्हर’ या गव्हाशी संकर केला आणि ते बियाणं मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आलं. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं आणलं ते याच वंशाचं. सोनालिका (एस-३०८) हीही याच वंशातली. आणि आपल्याकडे घरोघरी खाल्ला जाणारा लोक-१ म्हणजे एस-३०८ आणि एस-३३१ यांचा संकर, गुजरातेत लोकभारती, सणोसरा इथे झालेला.

बुटकेपणा दारुमाचा, टर्की रेडचा नाही, हे स्पष्ट करते. पण त्या वंशावळीत क्रिमियाचा दाणा आहे, हे खरं.

विचिटाकर

लोंबीताई, लोक-१ पर्यंतची साखळी माहीत नव्हती. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू का?

लोंबी

अवश्य टाका.

---

महानदीकाठ

मी रायपूरची, आमचं घर तीन पिढ्या इथे. मेनोनाइट म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना धमतरीचं ख्रिश्चन हॉस्पिटल आठवतं. ते मेनोनाइटांनीच सुरू केलेलं.

१८९७ च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइट शेतकऱ्यांनी मका आणि पैसे गोळा करून भारतात पाठवले. जॉर्ज लँबर्ट नावाचे त्यांचे पाळक ती मदत वाटायला आले होते. त्यातून १८९९ मध्ये धमतरीला मिशन सुरू झालं. तेव्हा हा भाग मध्य प्रांतात होता, कारभार नागपूरहून. पाठोपाठ १९०० चा दुष्काळ. मिशनच्या सुरुवातीच्या वर्षांतलं मोठं काम म्हणजे अनाथ मुलांना सांभाळणं. चांपाला दुसऱ्या मेनोनाइट शाखेचे पी. ए. पेनर आले. त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी वसतिस्थान उभं केलं, ते रुग्णालय अजून चालू आहे. पेनर अमेरिकेत मिनेसोटाच्या माउंटन लेकचे, म्हणजे १८७० च्या दशकात रशियातून आलेल्यांनी वसवलेल्या भागातले.

माझी आजी धमतरीच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. तिला मेनोनाइट हा शब्द माहीत नव्हता, ती ‘मिशनचे डॉक्टर’ म्हणायची आणि फार मायेने म्हणायची.

काळी_माती

ताई, दुष्काळात धान्य आणि पाठोपाठ बाप्तिस्मा, यावर टीकाही झाली आहे. ती नोंदवून ठेवतो. दवाखान्याचं मोल त्याने कमी होत नाही.

महानदीकाठ

हो, ती चर्चा आमच्याकडेही होते. दोन्ही खरं आहे.

---

अबोली_पुणे

माझं मन अजून त्या रडणाऱ्या बाईपाशीच आहे. या सगळ्यात बायकांचं स्थान काय होतं? निर्णय पुरुषांचे आणि गवताच्या घरात चूल मांडायची बायकांनी, एवढंच?

माळकरी

बऱ्याच अंशी तसंच. मंडळीच्या सभेत बायकांना मत नव्हतं, उपदेशाचा प्रश्नच नाही. पण एका बाबतीत हे लोक आपल्या शेजाऱ्यांच्या फार पुढे होते : वारसा. नवरा गेला की मालमत्तेचा अर्धा वाटा विधवेचा. उरलेला अर्धा मुलांचा, आणि त्यात मुलगा-मुलगी सारखेच. जमिनीसकट. एकोणिसाव्या शतकातल्या शेतकरी समाजात, विचार करा.

त्यासाठी त्यांची एक व्यवस्था होती, ‘वाइझेनाम्ट’. अज्ञान मुलांच्या वाट्याचा हिशेब मंडळीने नेमलेले लोक ठेवत. तो पैसा गावातल्याच गरजू शेतकऱ्याला व्याजाने देत आणि मूल सज्ञान झालं की व्याजासकट त्याच्या हाती. विधवेने पुन्हा लग्न करायचं ठरवलं तर आधी पहिल्या नवऱ्याच्या मुलांचा वाटा बाजूला काढून लिहून ठेवावा लागे. आपल्याकडे भाऊबंदकीत पोरक्या पोरांचं काय होतं ते गावाकडच्या प्रत्येकाने पाहिलंय. मला तर ही व्यवस्था त्यांच्या कुठल्याही प्रार्थनेइतकीच धार्मिक वाटते. मानिटोबात ती जास्त काळ टिकली.

आगीचंही तसंच. कुणाचं घर जळलं तर प्रत्येकाने आपल्या मालमत्तेच्या प्रमाणात वर्गणी द्यायची. विमा कंपनी नाही, नफा नाही. आपल्याकडे इर्जिक असायचं ना, एकाच्या शेतात सगळ्या गावाचे नांगर, त्याच जातीची गोष्ट, फक्त वहीत लिहून ठेवलेली.

अबोली_पुणे

हे वाचून बरं वाटलं. पण मग ग्नाडेनाउ टिकलं का नाही?

माळकरी

शब्दावरची वाटणी फार वर्षं चालली नाही. ज्याच्या नावावर कागद त्याने कर भरायचा आणि कसायचं भलत्यानेच, यातून कुरबुरी सुरू झाल्या. शेतं मोठी झाली, यंत्रं आली, दूरच्या पट्ट्यापर्यंत रोज जाणं नकोसं झालं. एकेक कुटुंब आपल्या सेक्शनवर राहायला गेलं. थोड्याच वर्षांत रस्त्याकाठचं गाव मोडलं, पण मंडळी मोडली नाही. माणसं आपापल्या शेतावरून रविवारी एकत्र येत राहिली. वीबेही शेती आणि मंडळी दोन्ही ओढत राहिले, वय झाल्यावर वडीलपण दुसऱ्यांकडे गेलं. क्रिमर मेनोनाइट ब्रदरन ही शाखा १९६० पर्यंत स्वतंत्र होती, मग मेनोनाइट ब्रदरन या मोठ्या शाखेत मिसळली.

---

विचिटाकर

शेवटचं एक जोडतो, कारण ते हिल्सबरोशी थेट संबंधित आहे. रशियन क्रांती आणि यादवी युद्धानंतर युक्रेनमधल्या मेनोनाइट वसाहतींची धूळधाण झाली. लूटमार, टायफस आणि मग दुष्काळ. मागे राहिलेल्यांनी अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे माणसं पाठवली. जुलै १९२० मध्ये एल्कहार्टला वेगवेगळ्या मेनोनाइट शाखा एकत्र बसल्या आणि मेनोनाइट सेंट्रल कमिटी स्थापन झाली. एरवी बाप्तिस्म्यात पाण्यात उताणं बुडवायचं की पालथं यावरून वेगळ्या झालेल्या शाखा, पण इथे एकत्र आल्या. पहिले अध्यक्ष पी. सी. हीबर्ट हे हिल्सबरोच्या टेबर कॉलेजचे प्राध्यापक. हे कॉलेज १९०८ मध्ये काढलं त्यात वीबेंच्या मंडळीचा वाटा होता.

सोव्हिएत सरकारशी करार व्हायला वेळ लागला. मार्च १९२२ मध्ये तिकडे पहिली अन्नछत्रं उघडली, तोवर वीबे गेले होते. अन्न फक्त मेनोनाइटांना नाही, आसपासच्या भुकेल्यांनाही मिळत होतं. तिथली घोडी मेली होती किंवा खाल्ली गेली होती, पेरणीला ओढकाम करणारं जनावर नव्हतं. म्हणून त्याच वर्षी इथल्या शेतकऱ्यांच्या पैशातून पन्नास फोर्डसन ट्रॅक्टर नांगरांसकट जहाजाने पाठवले. हिवाळी गहू पेरायच्या वेळेला त्यांनी तिकडची जमीन नांगरली.